अम्माला कुणी विचारलंय का?

या आठवड्याचं पत्र सोलापूरहून आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून आणि थोडं आटोपशीर करून देते आहे.

"ताई, मी पूर्व भागात राहते, एका पतसंस्थेत कामाला आहे. आमची अम्मा 71 वर्षांची. तिनं चाळीस वर्षं विड्या वळून आम्हा दोघांना शिकवलं. नान्ना, म्हणजे आमचे वडील, यंत्रमागावर होते, ते जाऊन अकरा वर्षं झाली. अम्माची फुप्फुसं कडक होत चालली आहेत आणि हा बरा होणारा आजार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. घरी ऑक्सिजनचं मशीन आहे. दिवाळीनंतर ती 19 दिवस आयसीयूत होती, त्यातले 12 व्हेंटिलेटरवर. हात बांधलेले होते. शुद्धीवर आली तेव्हापासून म्हणते, पुन्हा मला तिथं नेऊ नका. डॉक्टर म्हणतात, पुढच्या वेळी नळी घातली तर ती निघेलच असं नाही.

अण्णा भिवंडीला असतो, त्याचे चार माग आहेत. तो म्हणतो, माग विकीन पण आईला मरू देणार नाही. 'आपण मार्कंडेयाच्या कुळातले. ज्यानं यमाला परत पाठवलं त्याच्या घरात आईला अशीच सोडायची?' मागे आम्ही तिला घरी न्यायचं म्हटलं तेव्हा हॉस्पिटलनं 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध नेत आहोत' अशा कागदावर सही मागितली. आम्ही घाबरून नेलंच नाही.

परवा रात्री वीज गेली, इन्व्हर्टरही बसला. सिलिंडर जोडेपर्यंत दहा मिनिटं गेली. त्यानंतर अम्मा म्हणाली, 'एक सुई देऊन टाका गं मला.' आदल्याच दिवशी माझं आणि अण्णाचं फोनवर बिलावरून वाजलं होतं. दिवसभर ती विडीची कात्री मागते. तंबाखूची धूळ नको म्हणून आम्ही सगळं माळ्यावर टाकलंय.

व्हेंटिलेटर नको म्हटलं तर मी तिला मारल्यासारखं होईल का? कायदा काय म्हणतो? आणि कायदा काहीही म्हणो, पाप लागतं का?"

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच वाक्याशी अडले. "हात बांधलेले होते." तुम्ही ते जाता जाता लिहून गेलात.

मी चोवीस वर्षं नर्स होते, त्यातली नऊ आयसीयूत. ती गाठ कशी असते ते माझ्या बोटांना पाठ आहे. मनगटाभोवती आधी कापसाची घडी, त्यावर बँडेजचे दोन वेढे, आणि गाठ पलंगाच्या कठड्याला, पेशंटची बोटं पोचणार नाहीत अशा जागी. गुंगी उतरायला लागली की माणूस घशातली नळी उपसतो, म्हणून बांधायचं. जो बरा होऊन घरी जाणार आहे त्याच्यासाठी ते दोन-चार दिवसांचं बंधन आहे आणि वेळ आली तर मी ते आजही बांधीन. सर्पदंशाची, अपघाताची, बाळंतपणात रक्तस्राव झालेली कितीतरी माणसं त्याच गाठींच्या मागून उठून चालत घरी गेली.

पण माझ्या वडिलांचे हात सोळाव्या दिवशी तसेच बांधलेले मी पाहिले. कॅन्सर यकृतात पसरला होता, वय 79. मनगटावरची कातडी कागदासारखी झाली होती आणि ते डोळ्यांनी माझ्याकडे काहीतरी मागत होते. नळीमुळे बोलता येत नव्हतं. व्हेंटिलेटरच्या संमतीपत्रावर सही माझी होती. निदान झाल्यापासून त्यांना विचारायला मला चार महिने मिळाले होते, आणि मी, जिनं दुसऱ्यांच्या घरच्यांना शेकडो वेळा धीर दिला, एकदाही विचारलं नाही. अठराव्या दिवशी ते गेले. त्यांना काय हवं होतं ते मला आजही माहीत नाही.

तुमच्या हातात अजून तेवढा वेळ आहे. तुमची अम्मा बोलते आहे. तिला काय कळतं, काय सोसलं, काय नको आहे, हे ती स्वतःच्या तोंडानं सांगते आहे. तुम्ही, अण्णा, डॉक्टर, मी, सगळे तिच्या जिवाबद्दल बोलतो आहोत. तिच्यासमोर शांतपणे बसून, सगळं खरं सांगून, तिला कुणी विचारलंय का?

तुमचे प्रश्न मी शेवटून घेते. पापाची धास्ती मनात असेपर्यंत कायदा कानात शिरत नाही.

अण्णा मार्कंडेयाचं नाव घेतो ते वरवरचं म्हणून मी बाजूला ठेवणार नाही. नारळी पौर्णिमेला सोलापुरात मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा पूर्व भागातली गल्ली न् गल्ली रस्त्यावर असते. हे दैवत तुमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. पण त्या कथेतला मुलगा सोळा वर्षांचा होता. सगळं आयुष्य पुढे पडलं होतं आणि यमाचा पाश कोवळ्या देठावर पडला होता. म्हणून त्यानं पिंडीला मिठी मारली आणि म्हणून शंकर मध्ये पडले. आणि ज्या महामृत्युंजय मंत्राशी लोक त्याचं नाव जोडतात, तो अण्णानं दवाखान्याच्या पायरीवर बसून नक्की म्हटला असेल. त्यातली दुसरी ओळ त्याला सावकाश म्हणायला सांगा. उर्वारुकमिव बन्धनात्. पिकलेलं वाळूक जसं वेलावरून आपसूक सुटतं, तसा मला मृत्यूच्या बंधनातून सोडव. आपल्याकडच्या रानात शेंदाड पिकल्यावर काय होतं ते तुम्ही पाहिलंच असेल. हात लावायचा अवकाश, देठ वेलाकडे राहतो आणि फळ ओंजळीत येतं. कच्चं तोडायला गेलं तर वेल हिसडते. कच्चं तोडू नकोस, ही त्या मंत्रातली प्रार्थना आहे. पिकलेलं वेलाला दोरीनं बांधून ठेव, असं त्यात कुठेही नाही.

जीव देवाचा आहे, हे अण्णाचं वाक्य मलाही मान्य आहे. अगदी मनापासून. पण ते वाक्य दोन्हीकडून बांधतं. जीव आपला नाही म्हणून तो आपण घ्यायचा नाही. आणि आपला नाही म्हणूनच त्याला जाताना मनगट धरून ओढूनही ठेवायचं नाही. जिवाच्या पावित्र्याबद्दल जगात सगळ्यात कडक बोलणाऱ्यांत कॅथलिक चर्च येतं. त्यांच्या पोपनं, बाराव्या पायस यांनी, 1957 साली भूलतज्ज्ञांपुढे बोलताना सांगितलं होतं की नेहमीचे उपचार करणं हे कर्तव्य आहे, पण माणसावर असह्य भार टाकणारे असाधारण उपाय करत राहण्याची सक्ती कुणावरही नाही. व्हेंटिलेटर तेव्हा नुकतेच येत होते. आपल्याकडे विनोबांनी 1982 साली पवनारला अन्न आणि औषध दोन्ही थांबवलं आणि शांतपणे देह ठेवला. त्यांना आत्महत्या करणारे म्हणायला महाराष्ट्रात आजही कुणाची जीभ वळत नाही.

तेव्हा पाप लागतं का, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. अम्माचा आजार अम्माला नेतो आहे. तुम्ही व्हेंटिलेटर नको म्हणालात तर मृत्यूचं कारण ती फुप्फुसंच असतील. तुमच्या हातून घडतंय ते इतकंच, की तिनं ज्याला नको म्हटलं ते तिच्या घशात कुणी घालणार नाही.

आता इथे मला एक भीती बोलून दाखवायची आहे, कारण हे पत्र तुमच्यासारख्या प्रेमळ मुलीच वाचतील असं नाही. "पिकलं" हे कोण ठरवणार? दुसऱ्याच दिवशी "आता बस करा हो डॉक्टर" म्हणणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. बाई साधा न्यूमोनिया होऊन आली होती, वय 70, तीन दिवस श्वासाला आधार दिला असता तर उठली असती, आणि बाहेरच्या बाकावर घराच्या वाटणीचं बोलणं चाललं होतं. तिला आम्ही भांडून ठेवून घेतलं आणि ती उठली. म्हातारं झालं, बाई आहे, कमावत नाही, अंगानं पांगळं आहे, म्हणून "कशाला आता" असं म्हणणाऱ्या जगात जिवाचं पावित्र्य हा शब्द फार मोलाचा आहे, तो आपण सोडायचा नाही. तुमच्या अम्माचं वय 71 आहे हे व्हेंटिलेटर नाकारण्याचं कारण होऊ शकत नाही. बिल हेही नाही. कारण दोनच: आजार उलटणारा नाही, आणि तिला ते नको आहे.

आपला कायदा याच दोन टोकांमधून वाट काढत आला आहे. 1996 साली ग्यान कौर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही. पण मृत्यूची प्रक्रिया सुरू झालेल्या माणसाला शेवट सन्मानानं व्हावा असं वाटणं हे वेगळं आहे, याला त्यांनी जागा ठेवली. मग 2011 साली अरुणा शानबाग यांचा निकाल आला. ती आमच्यातली होती, केईएमची नर्स. 27 नोव्हेंबर 1973 ला तिच्यावर हल्ला झाला आणि 18 मे 2015 ला न्यूमोनियानं ती गेली. मधली 41 वर्षं ती मेंदूला इजा होऊन अंथरुणाला खिळून होती. केईएमच्या नर्सच्या पिढ्या बदलल्या, पण तिला पाठीला जखम होऊ दिली नाही. तिला जाऊ द्यावं अशी याचिका आली तेव्हा त्याच नर्सनी नाही म्हटलं आणि न्यायालयानं त्यांचं ऐकलं, याचिका नाकारली. पण त्याच निकालानं उपचार थांबवण्याला, उच्च न्यायालयाच्या परवानगीनं का होईना, पहिल्यांदा दार उघडलं. मला त्या नर्सचा अभिमान आहे आणि त्या दाराचाही. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात असं मला कधी वाटलं नाही.

9 मार्च 2018 ला घटनापीठानं ते दार पूर्ण उघडलं. सन्मानानं मरण येणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि शुद्धीत असलेल्या प्रौढ माणसाला उपचार नाकारता येतो, असं ठरलं. पुढची वेळ आल्यावर बोलता येणार नसेल तर आधीच लिहून ठेवता येतं. त्याला लोक "लिव्हिंग विल" म्हणतात. तेव्हा त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची आणि प्रक्रिया इतकी अवघड होती की कुणी त्या वाटेला जाईना. 24 जानेवारी 2023 ला न्यायालयानंच ती सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन एवढं पुरतं.

म्हणजे तुमच्या घरात करायचं काय? अम्माच्या शब्दांत एक कागद लिहायचा. माझा आजार बरा होणारा नाही हे मला डॉक्टरांनी सांगितलं आहे. माझी शुद्ध गेली आणि बरं होण्याची आशा नसेल तर मला व्हेंटिलेटरवर ठेवू नका. त्रास कमी करणारं औषध मात्र थांबवू नका. अशी साधी वाक्यं चालतात, फक्त कोणता उपचार कोणत्या परिस्थितीत नको हे संदिग्ध ठेवायचं नाही. पुढे निर्णयाची वेळ आली तर कुणाशी बोलायचं त्या नातेवाइकांची नावं घालायची, एकाहून जास्त चालतात. साक्षीदार शक्यतो घराबाहेरचे घ्या. शेजारचे सर, ओळखीच्या बाई, असे. नोटरीला विनंती केली तर घरी येतात. कागद मराठीत लिहिला आणि अम्माला तेलुगू जास्त जवळची असेल, तर सही किंवा अंगठ्याच्या आधी तिला तो तेलुगूत वाचून दाखवा, आणि वाचून दाखवला असं त्यावर लिहा. एक प्रत नेहमीच्या डॉक्टरांकडे, एक त्या नातेवाइकांकडे, एक महापालिकेत. महाराष्ट्रात ही इच्छापत्रं सांभाळायला स्थानिक संस्थांमध्ये अधिकारी नेमले गेले आहेत. त्यासाठी मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांना उच्च न्यायालयात जनहित याचिका लावून धरावी लागली. महापालिकेत पहिल्या खिडकीवर कुणाला माहीत नसेल तर आरोग्याधिकाऱ्यांचं कार्यालय गाठा आणि पोच घेतल्याशिवाय निघू नका. आणि अम्माचं मन बदललं तर ती हा कागद कधीही लेखी रद्द करू शकते, हे तिला आवर्जून सांगा. तिच्यावर दडपण यायला नको.

हॉस्पिटलमध्ये वेळ आली आणि ती बोलू शकत नसली तर पुढचं असं चालतं. उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ मिळून पहिलं मंडळ मत देतं. मग दुसरं मंडळ, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सुचवलेला एक डॉक्टर असतो, ते तपासून पाहतं. दोन्ही मंडळांनी शक्यतो 48 तासांत सांगावं अशी अपेक्षा आहे. दोघांचं जुळलं आणि कागदात नाव असलेल्यांची संमती असली की प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवून उपचार थांबवता येतो. आधी लिहिलेला कागद नसला तरी जवळच्या नातेवाइकांच्या संमतीनं याच वाटेनं जाता येतं. ऐकायला लांबलचक वाटतं, मला माहीत आहे. पण बाकावर बसून वाटणी करणाऱ्या त्या नातेवाइकांपासून एखाद्या म्हातारीला वाचवणारी ही चाळणी आहे, म्हणून मला ती खटकत नाही.

तुमच्याकडे सही मागितलेल्या त्या कागदाबद्दल मात्र मला राग आहे. "वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध" या दोन शब्दांनी किती घरं हबकून जातात. एक तर लोक घाबरून पेशंटला तिथेच ठेवतात आणि दागिने गहाण टाकतात. नाही तर सही करून नेतात, आणि मग गुन्हेगारासारखं मागच्या दारानं, हातात एकही वेदनाशामक न घेता. अँब्युलन्समध्ये माणूस तडफडतो आणि पोरांच्या मनावर ते जन्मभर कोरलं जातं. चांगला डॉक्टर असं वागत नाही. तो सांगतो की आता फुप्फुसं बरी करायचे उपचार संपले, यापुढे त्रास कमी करायचे उपचार, आणि त्याचीही चिठ्ठी लिहून देतो. तुमच्या छातीच्या डॉक्टरांची आत्ताच, अम्माची तब्येत बरी असताना, वेगळी वेळ घ्या आणि तीन गोष्टी विचारा. पुन्हा व्हेंटिलेटरवर गेली तर सुटून घरी यायची आशा किती? आली तर कोणत्या अवस्थेत? आणि नाही घातलं, तर गुदमरल्यासारखं होऊ नये म्हणून तुम्ही काय देणार? हृदय बंद पडल्यावर छाती दाबून ते पुन्हा सुरू करायचा प्रयत्न करू नये, अशी नोंदही फाइलमध्ये करता येते. आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, 2020 मध्ये त्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत.

आता सुई.

सुई देणं आपल्या देशात गुन्हा आहे, देणारा डॉक्टर असो की मुलगी. तो खून किंवा सदोष मनुष्यवध ठरतो. कायदा बाजूला ठेवला तरी मी नाहीच म्हणेन. ज्या हातांनी पाणी पाजलं त्याच हातांनी ते करायचं, हे मला पटत नाही, कधीच पटलं नाही. पण "असं बोलू नये अम्मा" म्हणून तिला गप्पही करू नका. तुमचंच पत्र पुन्हा वाचा. वीज गेली, दहा मिनिटं श्वास मिळाला नाही, आणि आदल्या दिवशी दोन लेकरं तिच्या बिलावरून भांडली. त्यानंतर तिनं सुई मागितली. माझ्याकडे ज्यांनी ज्यांनी सुई मागितली त्यांतल्या बहुतेकांना मरणापेक्षा दुसऱ्याच कशाची तरी भीती होती. पुन्हा तसं गुदमरायची. किंवा ओझं व्हायची. तुमच्या अम्माला दोन्हींची आहे, आणि दोन्हींवर उपाय आहेत.

श्वासाचं आधी. आजार बरा होत नसला तरी धाप कमी करता येते, हे आपल्याकडे डॉक्टरसुद्धा पुरेसं सांगत नाहीत. तोंडावरून मॉर्फिनची अगदी लहान मात्रा, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, धाप लागल्याची ती भयानक भावना काही जणांना कमी करते. मॉर्फिन म्हणजे मरणाचं औषध, हा समज डोक्यातून काढून टाका. योग्य मात्रेत ते जीव घेत नाही, जिवाला उसंत देतं. 2014 साली अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन ते मिळणं थोडं सोपं झालंय, तरी प्रत्येक दुकानात मिळत नाही. सिव्हिलमध्ये, कॅन्सरच्या रुग्णालयात, वेदनांवर उपचार करणाऱ्या भूलतज्ज्ञांकडे चौकशी करा, "पॅलिएटिव्ह केअर" हा शब्द वापरूनच विचारा. आणि आजपासून घरी: तिला उशांना टेकवून आडवं ठेवण्यापेक्षा पुढे छोटं टेबल ठेवा, त्यावर उशी, तिनं त्यावर हात टाकून पुढे झुकून बसायचं. एक लहान पंखा थेट चेहऱ्यावर, नाका-गालांवर वारा लागेल असा. साधा वाटतो, पण धापेत खरंच फरक पडतो. भरलेला सिलिंडर आणि त्याची चावी पलंगाशेजारी, नळी आधीच जोडून. रात्री कुणी उठायचं हे ठरलेलं हवं. चार्जिंगचा दिवा हाताशी. पुढच्या वेळी वीज जाईल तेव्हा दहा मिनिटं लागता कामा नयेत. अम्माला हे सगळं एकदा करूनही दाखवा, म्हणजे तिला रात्री नीट झोप लागेल.

ओझ्याचं औषध तुम्हा दोघांकडेच आहे. बिलाचं बोलणं तिच्या कानाच्या टप्प्यात बंद. आजपासून.

अण्णाशी फोनवर आणखी वाद घालू नका. लांब राहणाऱ्या लेकाचं दुःख वेगळं असतं. तुम्ही तिचं मनगट रोज धरता, ते बारीक होत चाललेलं तुम्हाला कळतं. त्याच्या डोळ्यांसमोर अजून ती कारखान्याला विड्या टाकून डोक्यावर पानांचं गाठोडं घेऊन परतणारी अम्मा आहे. माग विकीन म्हणतो तेव्हा तो इतकी वर्षं इथे नसल्याची भरपाई करू पाहतोय. त्याला दोषी ठरवलंत तर तो हट्टाला पेटेल. त्याला सांगा, चार दिवस ये, आणि रात्रीची पाळी तू कर. बाकी काही बोलू नका. तीन रात्री तिच्या उशाशी काढल्या की पुष्कळ गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. मग अम्माच्या कागदात त्याचंही नाव असू दे, पण तिचं म्हणणं त्यानं तिच्या तोंडून ऐकल्यानंतर. आधी नाव घातलंत आणि तो अडून बसला तर ऐनवेळी तिचीच कोंडी होईल. ऐकूनही तो तयार नसला तर कागदात तुमचं एकटीचं नाव पुरेसं आहे, आणि त्याबद्दल मनाला लावून घेऊ नका.

तिनं सगळं ऐकून "मला अजून एकदा व्हेंटिलेटर लावून पाहा" असं म्हटलं, तर तेही मान्य करायचं, बरं का. विचारायचं म्हणजे उत्तर आधीच ठरवून विचारायचं नाही.

आणि माळ्यावर चढा. तंबाखूचा डबा तिथेच राहू दे, पण तिची कात्री, पत्र्याचा फर्मा आणि सूप खाली काढा, पुसून घ्या. शेजारच्या एखादीकडून मूठभर स्वच्छ तेंदूची पानं मागून आणा, धुवून ओली करा म्हणजे धूळ उडणार नाही. आयसीयूत तिची बोटं चादरीवर काहीतरी वळत असल्यासारखी हलताना तुम्हाला दिसली असतील. चाळीस वर्षं वळणाऱ्या बोटांना रिकामं बसवत नाही. सूप तिच्या मांडीवर द्या आणि कापू दे तिला पानं, दमेपर्यंत. अण्णा आलेला असेल तेव्हा दोघं तिच्या दोन बाजूंना बसा. हात कामात असले की माणूस अवघड गोष्ट जास्त सहज बोलतं. तिचं दुसरं-तिसरं पान कापून झालं की तुमच्या घरच्या भाषेत विचारा, "अम्मा, नीकेम कावाली?" तुला काय हवंय? मग दोघांनीही गप्प राहा, तिला श्वास घेऊन बोलायला वेळ लागेल.